नामार्थ आणि नामकथा : चिखलदरा व ‘उत्पत्ती’तील नावे

एखाद्या स्थळनामामागे पुराणकथा सापडली म्हणजे त्या नामाची व्युत्पत्तीही सिद्ध झाली, अशी समजूत आपल्या स्थानिक इतिहासलेखनात रूढ आहे. मेळघाटातील चिखलदऱ्याचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक ठरावे. भीमाने कीचकाचा वध करून त्याचे प्रेत येथील दरीत टाकले. म्हणून ‘कीचकदरा’, व त्याचाच अपभ्रंश ‘चिखलदरा’, असे परंपरा सांगते. जवळचे भीमकुंड आणि वैराट ही स्थाने या कथेचे पुरावे म्हणून दाखविली जातात.

या व्युत्पत्तीवर तीन आक्षेप संभवतात. पहिला ध्वनींचा. ‘कीचक’चा ‘चिखल’ होण्यास आधी क-च यांचा वर्णविपर्यय, मग ‘क’चा ‘ख’ आणि शेवटच्या ‘क’चा ‘ल’ इतके बदल मानावे लागतात. उलट ‘चिखल’ हा मराठीतील नित्याचा शब्द आहे. दुसरा आक्षेप ग्रंथाचा. विराटपर्वात कीचकवध रात्री नर्तनशाळेत होतो, दरीत नव्हे. आणि विराटाचा मत्स्यदेश अभ्यासक सामान्यतः राजस्थानातील बैराटच्या परिसरात मानतात. तिसरा आक्षेप पद्धतीचा आहे व तोच अधिक महत्त्वाचा. संस्कृतात ‘कीचक’ म्हणजे वाऱ्याने वाजणारा पोकळ बांबू असाही अर्थ आहे, आणि मेळघाटात बांबू विपुल आहे. तेव्हा ‘कीचकदरा’ म्हणजे बांबूंची दरी, असेही कोणी तितक्याच सहजतेने म्हणेल. जी रीत परस्परांशी संबंध नसलेले दोन अर्थ सारख्याच सुलभतेने देते, तिला प्रमाण मानता येत नाही. शिवाय हा प्रदेश कोरकूंचा. मुंडा कुळातील त्यांच्या भाषेची साक्ष घेतल्यावाचून ‘चिखल’ ही व्युत्पत्तीदेखील अंतिम म्हणता येणार नाही.

हीच रीत बायबलमधील हिब्रू नामांनाही लावली गेली आहे. ‘उत्पत्ती’च्या पाचव्या अध्यायात आदामापासून नोहापर्यंत दहा पिढ्यांची नावे येतात. त्यांचे अर्थ क्रमाने वाचल्यास मनुष्याचे दुःख व ईश्वराने केलेला उद्धार सांगणारे एक गुप्त वाक्य मिळते, असे काही भाविक भाष्यकार प्रतिपादन करतात. परंतु या वाक्यातील क्रियापदे व संबंधदर्शक शब्द वाचकाने पुरविलेले असतात. ‘मथुशलह’ या नावात ‘त्याचा मृत्यू’ पाहिला जातो. वास्तविक त्यातील ‘मतु’ हा पुरुषवाचक जुना शब्द असून उत्तरपदाचा एक अर्थ ‘शस्त्र’ असा लावला जातो. ‘लामेख’ हे नाव तर कोणत्याही ज्ञात हिब्रू धातूशी निश्चितपणे जोडता येत नाही.

तथापि, एवढ्यावरून बायबलमधील नामार्थ निरर्थक ठरत नाहीत. त्याच अध्यायात लामेख आपल्या पुत्राला नोहा हे नाव देताना, हा आमचे सांत्वन करील, असे म्हणतो. सांत्वनाचा हिब्रू धातू ‘नहम’. नोहा मात्र विश्रांतिवाचक धातूच्या जवळचा. येथे व्याकरण नव्हे, ध्वनिसाम्य काम करते, आणि ते ग्रंथकाराने स्वतः योजिलेले आहे. अकराव्या अध्यायात ‘बाबेल’चा संबंध घोटाळा करणे या अर्थाच्या ‘बालल’ धातूशी जोडला आहे. बाबेलचे रहिवासी मात्र आपल्या नगरनामाचा अर्थ ‘देवाचे द्वार’ असा लावीत. बाबेलच्या वैभवाचा उपहास करण्यासाठी हिब्रू कथाकाराने ते नावच उलटविले. येथे व्युत्पत्ती चुकते, पण वाङ्मयीन हेतू स्पष्ट होतो.

मराठी वाचकापुढील अडचण वेगळी आहे. भाषांतरात विशेषनामे केवळ ध्वनिरूपाने उतरतात. त्यामुळे मुळातील श्लेष हरपतो आणि बाहेरून सांगितलेला कोणताही अर्थ पडताळता येत नाही. पंडिता रमाबाईंनी बायबलच्या मराठी भाषांतरासाठी हिब्रू व ग्रीक या मूळ भाषांचा अभ्यास केला, यातील मर्म अभ्यासकाने ओळखावयास हवे.

सारांश, नामार्थाचा विचार करताना दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात : नाम कशापासून झाले, आणि लोकांनी किंवा ग्रंथकाराने त्यात काय वाचले. पहिल्याचे उत्तर भाषाशास्त्राने द्यावयाचे. दुसऱ्याचे ग्रंथाने व परंपरेने. ‘कीचकदरा’ हा पहिल्या प्रश्नाचा पुरावा नव्हे; परंतु वऱ्हाडातील लोकमानसाने आपला डोंगर भारतकथेत कसा नेऊन बसविला, याचा तो मोलाचा पुरावा आहे आणि त्या नात्यानेच तो जपला पाहिजे.