डच स्थिरचित्रांच्या हातरंगी प्रतिकृती

गेल्या चतुर्थीत मडगावास एका वडीलधाऱ्या स्नेह्यांच्या घरी जाण्याचा योग आला. जेवणघराच्या भिंतीवर नवेच तैलचित्र लागलेले दिसले. पांढरे आच्छादन घातलेले मेज, त्यावर कणकेच्या आवरणात भाजलेले टर्कीचे मांस, वर शोभेसाठी त्याच पक्ष्याची मान व पिसे खोचलेली. शेजारी कालवे, सोललेले लिंबू, द्राक्षे, शिंपल्याचा पेला. हार्लेमच्या पीटर क्लास या चित्रकाराने १६२७ साली रंगविलेल्या व आज ॲम्स्टरडॅमच्या राइक्स संग्रहालयात असलेल्या चित्राची ती प्रतिकृती. “छापील नव्हे हं, हाताने काढलेलं आहे,” असे भाऊंनी आवर्जून सांगितले. हा ‘हात’ म्हणजे नेमके काय, याचा विचार तेव्हापासून मनात घोळत आहे.

प्रथम दोष सांगून टाकतो. मूळ चित्र ७५ सेंटिमीटर उंच व १३२ सेंटिमीटर रुंद, म्हणजे मेजासारखेच लांबट आहे. भाऊंच्या भिंतीला तेवढी रुंदी नव्हती; म्हणून विक्रेत्याने दोन्ही बाजू छाटून जवळजवळ चौकोनी चित्र करून दिले. क्लासचे मेज डावीकडून उजवीकडे सावकाश पाहत जाण्याचे आहे. त्या छाटणीने मेजाचा मांड झाला.

दुसरा दोष मला अधिक बोचला. या मेजावर मिऱ्यांची एक पुडी आहे, आणि ती छापील पंचांगाच्या पानाची आहे. जुन्या पंचांगाच्या कागदात वाणसामान बांधून घेतलेल्या आपल्या पिढीला त्या पुडीचे मर्म कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. सरलेले दिवस छापलेला कागद, आणि त्यात समुद्रापलीकडून आलेली मोलाची मिरी! प्रतिकृतीत त्या अक्षरांच्या जागी नुसत्या रेघोट्या आहेत. रंगविणाऱ्याने छायाचित्रावरून काम केले असणार. छायाचित्रात जे पुसट होते ते हातानेही पुसटच उतरविले. तो कागद पंचांगाचा आहे हे त्याला ठाऊक असते, तर ब्रश तेथे क्षणभर थांबला असता.

याच मेजावर निळ्या-पांढऱ्या चिनी मातीचे पात्र आहे. त्याच्याशी गोव्याचा दूरचा का होईना, पण खराखुरा संबंध आहे. गोव्याहून लिस्बनकडे निघालेले पोर्तुगीजांचे ‘सांतियागो’ हे जहाज १६०२ साली सेंट हेलिना बेटानजीक डचांनी पकडले आणि त्यातील चिनी भांडी डच बाजारात विकली गेली. अशा भांड्यांस ‘क्राक’ हे नाव पडले, ते पोर्तुगीजांच्या ‘कॅरॅक’ जातीच्या गलबतांवरून, असे मानले जाते. मडगावच्या भिंतीवरील ते पात्र पाहताना हा फेरा आठवल्यावाचून राहिला नाही.

एवढे दोष दाखविल्यावर प्रतिकृती म्हणजे निव्वळ बाजारी माल, असा निकाल देणे सोपे आहे. आपल्याकडील कलासमीक्षक तो सहज देतात. परंतु मूळ चित्रे तरी काय होती? सतराव्या शतकातील डच चित्रकार मुख्यतः राजदरबारासाठी वा चर्चसाठी रंगवीत नसत. व्यापारी, कारागीर, सुखवस्तू गृहस्थ यांच्या भिंतींसाठी खुल्या बाजारात चित्रे विकत. शिष्य गुरूच्या चित्रांच्या नकला करूनच शिकत. विलेम हेडाचा मुलगा गेरिट याची काही चित्रे बापाच्या चित्रांशी इतकी मिळतीजुळती आहेत की, कोणते कोणाचे याविषयी जाणकारांतही घोळ होत आला आहे. फुलांच्या चित्रांत तर वेगवेगळ्या ऋतूंची फुले एकाच फुलदाणीत दिसतात. तो गुच्छ प्रत्यक्षात कधी अस्तित्वातच नव्हता, स्वतंत्र अभ्यासचित्रांवरून तो जुळविलेला असे.

आज अशा प्रतिकृतींचे मोठे केंद्र म्हणजे चीनमधील शेनझेनजवळचे दाफेन. १९८९ साली हुआंग जियांग हा व्यापारी हाँगकाँगहून थोडे चित्रकार घेऊन तेथे आला व पुढे हजारो जण या धंद्यात आले. एकजण आकाश रंगवितो, दुसरा झाडे, अशी कारखानदारी तेथे चालते अशी समजूत आहे; परंतु विनी वोंग या अभ्यासिकेने २०१३ च्या आपल्या ग्रंथात दाखविले आहे की, पुष्कळसे चित्रकार घरी बसून एकट्यानेच चित्र पुरे करतात. अशा माणसाला यंत्र म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

खरा कस लागतो तो रंगांत. डच लिंबाचा तो थंड, किंचित दुधाळ पिवळा पुष्कळदा शिसे व कथिल यांपासून केलेल्या रंगाचा असे. अठराव्या शतकाच्या मध्यानंतर हा रंग वापरातून गेला व विस्मृतीत पडला. १९४१ साली म्युनिकचे रिचर्ड याकोबी यांनी तो पुन्हा ओळखला. भाऊंच्या चित्रातले लिंबू आधुनिक नळीतल्या भडक पिवळ्याचे आहे, आणि ते भोवतालच्या करड्या छटांवर ओरडते. हेडाच्या १६३५ च्या सोनेरी पेल्याच्या चित्रात तर सारी करामत करड्या-हिरवट छटांचीच आहे. तेथे असे लिंबू चित्राचा बळीच घेईल.

पण येथेच एक पेच उभा राहतो. यान फान हुइसुमच्या फुलांच्या चित्रांत पाने आज निळसर दिसतात. त्याने ती निळी रंगविली नव्हती. निळ्यावर चढविलेला वनस्पतिजन्य पिवळ्याचा पातळ थर प्रकाशाने विटून गेला व खालचा निळा तेवढा उरला. मग नक्कल करणाऱ्याने पाने कशी रंगवावीत? आजच्यासारखी निळी रंगवली, तर तो काळाने केलेल्या नासाडीची नक्कल करतो. हिरवी रंगवली, तर ग्राहक म्हणणार, रंग चुकला! माझे मत हिरव्याच्या बाजूचे आहे. छायाचित्राला हे करता येणार नाही. हाताला, तो जाणता असेल तर, येईल. हातरंगी प्रतिकृतीचे समर्थन करायचे तर ते याच ठिकाणी करता येते.

आणि नकलेला हलके लेखताना अजिंठ्याचे स्मरण ठेवावे. रॉबर्ट गिलच्या बहुतेक नकला १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. पुढे ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या कलाशाळेतील विद्यार्थ्यांकडून करवून घेतलेल्यांपैकीही अनेक १८८५ च्या आगीत गेल्या. तेव्हा हळहळले ते नकलांसाठीच. कारण मूळ भित्तिचित्रांचे पोपडे त्या अवधीत पडतच होते.

पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात नक्कल करणाऱ्यांस दोन अटी असतात : नक्कल मुळाच्या मापाची नसावी, आणि मूळ चित्रकाराची सही उतरवू नये. भाऊंच्या चित्रावर कोणाचीच सही नव्हती. मागे ‘पीटर क्लास, १६२७, यावरून’ एवढे तरी लिहून ठेवावे, असे मी सुचविले. “आणि ज्यानं हे रंगवलं त्याचं नाव?” त्यांनी विचारले. विक्रेत्याला पत्र गेले आहे, उत्तर नाही. पहिली ओळ भाऊंनी पेन्सिलीने लिहिली आणि तिच्याखाली एका ओळीची जागा सोडली आहे.