‘हिंदू प्रभाव’ म्हटलं की झालं? बेने इस्राएल विधवांचा प्रश्न

बेने इस्राएल म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी काम बंद ठेवायचे, म्हणून ‘शनवार तेली’. त्यांच्यावरच्या लेखनात एक वाक्य हमखास भेटतं: हे लोक पूर्वी गोमांस खात नसत, विधवांची लग्नं लावत नसत, हा शेजारच्या हिंदूंचा प्रभाव. वाक्य लगेच पटतं, आणि तिथेच घोटाळा होतो.

कोणते हिंदू? गावातल्या कष्टकरी जातींत विधवेचा पाट लागत असे. आपल्या बीदर-कलबुर्गीकडे कन्नड घरांत त्यालाच ‘उडकी’ म्हणतात. लग्नबंदी ही मुख्यतः ब्राह्मण आणि वरच्या म्हणवणाऱ्या जातींची रीत. मग घाणेवाल्या समाजाने ती का उचलली? माझ्या मते हा नुसता शेजाराचा परिणाम नाही, प्रतिष्ठेचा हिशोब आहे. मान वाढवायचा तर आधी घरातल्या विधवेला अडवायचं, ही वाट आपल्याकडे अनेक जातींनी धरली.

ज्यू धर्मशास्त्रात अशी सरसकट बंदी नाही. दाविद राजाची पणजी रूथ ही पुनर्विवाह केलेली विधवाच. तोरा सांगते, की मूल नसताना नवरा वारला तर दिराने तिच्याशी लग्न करावं. तो तयार नसेल तर ‘हलीत्सा’: ती त्याच्या पायातला जोडा काढते, त्याच्यासमोर थुंकते आणि मोकळी होते. मुलंबाळं असलेल्या विधवेला हे बंधन नाहीच.

पुढे हाच विषय सगळ्या समाजावर शेकला. १९६२ मध्ये इस्राएलच्या मुख्य रब्बींनी बेने इस्राएलांच्या लग्नाआधी त्यांच्या पूर्वजांची चौकशी करायला सांगितलं. घटस्फोट आणि हलीत्सा यांचे नियम पाळले गेले होते का, ही शंका त्यामागे होती. मोठं आंदोलन झालं. ऑगस्ट १९६४ मध्ये तिथल्या संसदेने त्यांना सर्वार्थाने ज्यू मानलं आणि रब्बींनाही माघार घ्यावी लागली.

आता गंमत बघा. विधवेचं दुसरं लग्नच होत नसेल, तर हलीत्साचा नियम मोडणार कसा? म्हणजे ज्या रीतीला ‘परकी’ म्हटलं, तीच या शंकेवरचं एक उत्तर ठरते. पण ते उत्तर कुणाच्या जन्मभराच्या एकटेपणावर उभं होतं, हे ‘हिंदू प्रभाव’ या दोन शब्दांत कुठेच दिसत नाही. आपल्या भागातल्या पाट-उडकीच्या नोंदी तपासतानाही रीत कुठून आली एवढंच विचारून थांबू नये. ती कुणाला भोगावी लागली, हेही विचारावं.