सुडाचा अलिखित नियम व ‘सनी डेज’

अमेरिकेंतील धंदेवाईक बेसबॉलमध्यें एक अलिखित नियम फार दिवसांपासून चालत आला आहे. आपल्या गड्यास मुद्दाम चेंडू मारला गेला, तर प्रतिपक्षाच्या एखाद्या फलंदाजास चेंडू मारून त्याचें उट्टें काढावयाचें. ज्यास मार बसतो तो पुष्कळदां मूळ अपराधी नसतोच! या न्यायाचा विचार करतांना आम्हांस श्री. सुनील गावसकर यांच्या ‘सनी डेज’ (१९७६) या इंग्रजी आत्मकथनांतील किंग्स्टनचें प्रकरण आठवतें.

१९७५-७६ च्या हंगामांत लिली व थॉमसन यांच्या माऱ्यापुढें वेस्ट इंडीजनें ऑस्ट्रेलियांत सहांपैकीं पांच कसोटी सामने गमावले. पुढें एप्रिल १९७६ मध्यें पोर्ट ऑफ स्पेन येथें भारतानें ४०३ धांवांचें लक्ष्य गांठलें, आणि त्याच महिन्यांत किंग्स्टनला उसळत्या चेंडूंचा वर्षाव झाला. गायकवाडांच्या कानावर, पटेलांच्या तोंडावर, विश्वनाथांच्या बोटावर आघात झाले. पांच गडी जायबंदी असल्यामुळें दुसरा डाव ९७ धांवांवर संपला. ऑस्ट्रेलियानें केलेलें कर्ज भारतानें फेडलें, असेंच म्हणावें लागतें.

गावसकरांचा संताप खरा आहे, व तो त्यांनीं निर्भयपणें मांडला याबद्दल ते अभिनंदनास पात्र आहेत. परंतु गोलंदाजी व कर्णधार यांचा दोष दाखवून न थांबतां ते तेथील प्रेक्षकसमुदायासच रानटी ठरवितात. चेंडूच्या जागीं लेखणी आली, एवढाच काय तो फरक! सोसणाऱ्यानें बोलूं नये काय, असें कोणी विचारील. अवश्य बोलावें, पण त्या बोलण्यानें अलिखित तें लिखित व्हावें. उसळत्या चेंडूंच्या संख्येवर लेखी मर्यादा येण्यास १९९१ साल उजाडलें.

आम्हां श्रीगोंदेकरांस दुसरें उदाहरण आपल्याच जिल्ह्यांत सांपडतें. संगमनेर तालुक्यांत जन्मलेले श्री. अजिंक्य रहाणे यांनीं २०२२ सालीं दुलीप करंडकाच्या अंतिम सामन्यांत, प्रतिपक्षाच्या फलंदाजास वारंवार डिवचणाऱ्या यशस्वी जयस्वाल यांस मैदानाबाहेर पाठविलें. जयस्वाल त्यांच्याच संघाचे, आणि त्याच सामन्यांत २६५ धांवा काढणारे! अलिखित नियम पाळावयाचा तो असा, प्रथम आपल्या माणसावर.

‘सनी डेज’ आमच्या तरुणांनीं जरूर वाचावें. मात्र किंग्स्टनचें प्रकरण संपल्यावर क्षणभर थांबून, आपल्या हातीं चेंडू असता तर आपण कोणास मारला असता, हें स्वतःस विचारावें.