नैरोबीचे टिपण आणि निसटलेली भाषा

आपल्या चर्चासत्रांत न्गुगी वा थिओंगो यांचे नाव निघाले की नैरोबीतला इंग्रजी विभाग बंद करा, ही त्यांची मागणी हमखास सांगितली जाते. मीही ती ऐकीव माहितीवर वापरली आहे. मूळ टिपण वाचले तेव्हा स्वतःचीच लाज वाटली.

२४ ऑक्टोबर १९६८ रोजी न्गुगी, हेन्री ओवूर-अन्युंबा आणि ताबान लो लियाँग या तिघांनी ते लिहिले. नैरोबीचे कॉलेज तेव्हा पूर्व आफ्रिका विद्यापीठाचा भाग होते. केनियाचे स्वतःचे राष्ट्रीय विद्यापीठ व्हायला १९७० उजाडले. (या संस्थेच्या पायात तिकडच्या भारतीयांनी गांधी-स्मारकासाठी जमवलेला पैसाही आहे. आपल्याकडे हे फारसे कुणी लिहीत नाही.) तिघांचा प्रश्न साधा होता. एकाच संस्कृतीची सलग परंपरा शिकवायची, तर ती इंग्लंडचीच का? मध्यभागी आफ्रिका ठेवा, तिचे मौखिक वाङ्मय ठेवा. मग कॅरिबियन, युरोप, सगळे येऊ द्या. यात इंग्रजीद्वेष कुठे आहे? स्वाहिली आणि फ्रेंचबरोबर इंग्रजीचा अभ्यासही त्यांना हवाच होता.

मला खटकते ते पुढचे. टिपणाने आफ्रिकी साहित्य आणि भाषा यांचा एकच विभाग मागितला होता. प्रत्यक्षात साहित्याचा विभाग वेगळा झाला आणि भाषांचा वेगळा. अभ्यासक्रमात आफ्रिकी लेखक आले, पण त्यांच्यावर बोलायची भाषा इंग्रजीच राहिली. अभ्यासक्रम बदलला की भाषा मागोमाग येईल, असे तिघांनी गृहीत धरले असावे. टिपणाच्या गौरवात ही कमजोरी झाकली जाते. न्गुगींच्या १९७७पर्यंतच्या कादंबऱ्याही इंग्रजीतच आहेत.

भाषेची गाठ सुटू लागली ती विद्यापीठाबाहेर, लिमुरूजवळच्या कमिरीथू गावात. तिथल्या शेतकरी-कामगारांनी 'न्गाहिका न्देएंदा' हे गिकुयू नाटक उभे केले आणि तालमींत प्राध्यापकांची गिकुयू दुरुस्त केली! सरकारने प्रयोग बंद पाडले. १९७७च्या शेवटच्या दिवशी न्गुगींना अटक झाली. तेव्हा ते साहित्य विभागाचे प्रमुख होते. कमिती तुरुंगात त्यांनी टॉयलेट पेपरवर आपली पहिली गिकुयू कादंबरी लिहिली. डिसेंबर १९७८मध्ये ते सुटले. विद्यापीठातली जागा मात्र त्यांना परत मिळाली नाही.