धर्माच्या समाजशास्त्रातील पायाभूत संकल्पना आणि पाथरीचा जन्मस्थळ-वाद : एक चिकित्सा

प्रस्तावना

जानेवारी २०२० मध्ये महाराष्ट्राचे तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी परभणी जिल्ह्यातील पाथरी या तालुक्याच्या गावासाठी शंभर कोटी रुपयांच्या विकासनिधीची घोषणा केली. या वेळी पाथरीचा उल्लेख साईबाबांचे जन्मस्थळ असा करण्यात आला. त्याच्या निषेधार्थ १९ जानेवारी रोजी शिर्डीत बंद पाळण्यात आला. मंदिर मात्र दर्शनासाठी खुले होते. दुसऱ्या दिवशी मुंबईत बैठक होऊन हा वाद तात्पुरता शमला. पाथरीला निधी देण्यास शिर्डीकरांनी विरोध केला नव्हता. त्यांचा आक्षेप ‘जन्मस्थळ’ या एका शब्दाला होता.

एका शब्दासाठी एखादे गाव आपले व्यवहार का बंद ठेवते, या प्रश्नाचे आर्थिक उत्तर सहज सुचते. नव्या तीर्थक्षेत्रामुळे जुन्या तीर्थक्षेत्राकडील भाविकांचा ओघ विभागला जाईल, ही भीती अगदीच निराधार नाही. परंतु तेवढ्याने प्रश्न संपत नाही. दोन्ही गावांतील सामान्य भाविकांच्या भावना हिशेबाच्या वहीत मावणाऱ्या नव्हत्या. पदवी व पदव्युत्तर वर्गांत ‘धर्माचे समाजशास्त्र’ शिकविताना ज्या संकल्पना अपरिहार्यपणे येतात, त्यांच्या साहाय्याने हा वाद कितपत उलगडतो आणि या संकल्पना कोठे अपुऱ्या पडतात, याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. साईबाबांचा जन्म कोठे झाला, याचा निवाडा करणे हा या लेखाचा विषय नाही.

१. पवित्र आणि लौकिक : अनुवादाची अडचण

एमिल दुर्खीम यांनी १९१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या धर्मविषयक ग्रंथात विश्वाची विभागणी दोन कोटींत केली. एका कोटीतील वस्तू समाजाने वेगळ्या काढलेल्या, निषेधांनी वेढलेल्या असतात. दुसऱ्या कोटीत रोजच्या व्यवहारातील सर्व गोष्टी येतात. मराठी अध्यापनात या जोडीसाठी कधी ‘पवित्र व लौकिक’ तर कधी ‘पवित्र व अपवित्र’ अशी संज्ञा वापरली जाते. दुसरी संज्ञा अर्थाचा अनर्थ करणारी आहे. ‘अपवित्र’ म्हटल्याबरोबर मराठी विद्यार्थ्याच्या मनात सोवळे-ओवळे, विटाळ, शिवाशिव ही कल्पनासृष्टी जागी होते. दुर्खीम यांना अभिप्रेत असलेली लौकिक वस्तू विटाळलेली नसते. ती केवळ साधी असते.

हा भेद शिर्डीच्या उदाहरणाने स्पष्ट होतो. साईबाबा एका पडक्या मशिदीत राहिले, तिला त्यांनी ‘द्वारकामाई’ म्हटले, तेथे धुनी पेटती ठेवली आणि त्या धुनीची राख उदी म्हणून वाटली. सर्व जातिधर्मांच्या माणसांची ये-जा असलेली ही जागा सोवळ्याच्या निकषावर टिकणारी नव्हती. दुर्खीम यांच्या निकषावर मात्र ती पूर्णपणे पवित्र ठरते, कारण तेथे जमणाऱ्या समूहाने तिला इतर जागांपासून वेगळे काढले होते. पावित्र्य वस्तूत नसते, ते समूह वस्तूला देतो, हे सूत्र समजण्यास उदीइतके चांगले उदाहरण क्वचितच सापडेल.

हेच सूत्र पाथरीला लावून पाहता येते. ज्या जागेवर १९९९ मध्ये साई स्मारक मंदिर उभे राहिले, ती जागा त्यापूर्वी भुसारी घराण्याच्या जुन्या घराची म्हणून ओळखली जात होती. संशोधन, वर्गणी, बांधकाम, आरती आणि यात्रा या क्रमाने एक लौकिक जागा पवित्र झाली. तिचे पावित्र्य ऐतिहासिक पुराव्यावर अवलंबून नाही. तेथे जमणाऱ्यांची श्रद्धा ही स्वतःच एक सामाजिक वस्तुस्थिती आहे.

येथेच दुर्खीम यांच्या व्याख्येची मर्यादाही दिसते. त्यांच्या मते समान श्रद्धा व समान आचार माणसांना एका नैतिक समुदायात बांधतात. पाथरी आणि शिर्डी यांची श्रद्धा एकाच साईबाबांवर आहे, आरती त्यांचीच आहे; तरीही २०२० मध्ये ही श्रद्धा त्यांना जोडणारी न ठरता परस्परांसमोर उभी करणारी ठरली. पावित्र्याच्या मालकीचा संघर्ष या व्याख्येत बसत नाही. त्यासाठी अधिसत्तेचा विचार करावा लागतो.

२. करिष्मा आणि त्याचे नित्यीकरण

मॅक्स वेबर यांच्या ‘करिष्मा’ या संकल्पनेसाठी मराठीत ‘दैवी गुण’, ‘चमत्कारी व्यक्तिमत्त्व’ असे पर्याय वापरले जातात. त्यांमुळे करिष्मा हा व्यक्तीच्या अंगचा गुण आहे असा समज होतो. वेबर यांचा भर अनुयायांनी दिलेल्या मान्यतेवर आहे. ही मान्यता काढून घेतली, तर करिष्मा उरत नाही.

करिष्मा अस्थिर असल्यामुळे त्याचे नित्यीकरण व्हावे लागते. शिर्डीत ही प्रक्रिया टप्प्याटप्प्याने पाहता येते. १५ ऑक्टोबर १९१८ रोजी, विजयादशमीच्या दिवशी साईबाबांचे निर्वाण झाले. त्यांनी कोणालाही उत्तराधिकारी नेमले नव्हते. देह कोठे ठेवावा, याबद्दल हिंदू व मुस्लिम भक्तांत मतभेद झाले. अखेर लोकमत घेण्यात आले आणि बुटी वाड्याचा निर्णय झाला. १९२२ मध्ये अहमदनगरच्या जिल्हा न्यायालयाच्या योजनेने संस्थानचा कारभार नियमबद्ध झाला. गोविंद रघुनाथ दाभोळकर ऊर्फ हेमाडपंत यांचे ‘श्रीसाईसच्चरित’ १९३० च्या सुमारास ग्रंथरूपाने आले. १९५४ मध्ये समाधीमागे बाळाजी वसंत तालीम यांनी घडविलेली संगमरवरी मूर्ती बसविण्यात आली आणि २००४ मध्ये राज्य शासनाने संस्थानसाठी स्वतंत्र अधिनियम केला. फकिराचे गाऱ्हाणी ऐकणे ते अधिनियमाखालील विश्वस्त व्यवस्था, हा प्रवास वेबर यांच्या प्रतिपादनाशी जवळजवळ तंतोतंत जुळतो.

पाथरीच्या बाबतीत मात्र ही संकल्पना अडखळते. वेबर यांनी वंशागत करिष्म्याचा विचार केला आहे, परंतु त्यात करिष्मा पूर्वजाकडून वंशजाकडे वाहतो. पाथरीत हा प्रवाह उलटा आहे. येथे संन्यस्त, निपुत्रिक फकिराचा करिष्मा मागे वळून त्याच्या मानल्या गेलेल्या मातापित्यांना, घराला आणि गावाला उजळतो. अशा पूर्वगामी करिष्म्याचा आधार एकच असू शकतो, तो म्हणजे जन्म. भारतीय समाजात जन्म ही केवळ जैविक घटना नसते. जन्माबरोबर कूळ, गोत्र, कुलदैवत आणि जात येते. पाश्चात्त्य संकल्पनांच्या चौकटीत नेमकी हीच बाजू रिकामी राहते.

३. ऋषीचे कूळ

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये, अशी म्हण मराठीत आहे. ती सहसा शहाणपणाचा सल्ला म्हणून वापरली जाते. समाजशास्त्रीय दृष्टीने मात्र ती एक सामाजिक संकेत सांगते. जेथे प्रत्येकाला प्रथम जात विचारली जाते, तेथे एका विशिष्ट प्रकारच्या व्यक्तीला ती विचारू नये, असा हा करार आहे. महाराष्ट्रातील अवलिया परंपरा या करारावर उभी आहे. शेगावच्या गजानन महाराजांचा जन्मदिवस साजरा होत नाही. १८७८ मध्ये ते शेगावी प्रथम दिसले, त्या दिवसाचा ‘प्रकटदिन’ साजरा होतो. अक्कलकोटच्या स्वामी समर्थांचाही प्रकटदिनच मानला जातो. ‘जन्मले’ या क्रियापदाऐवजी ‘प्रकटले’ हे क्रियापद योजून समाजाने जातीचा प्रश्न भाषेतच मिटविला आहे.

हेमाडपंतांनीही हा संकेत पाळला. बाबांचे मातापिता व जन्मस्थान कोणालाच ठाऊक नाही, असे त्यांनी नमूद केले आणि बाबा हिंदू की मुसलमान या प्रश्नाची दोन्ही बाजूंची लक्षणे मांडून तो अनिर्णित ठेवला. ही अनिर्णितता चरित्रातील उणीव नव्हे. रामनवमीचा उत्सव आणि उरूस एकाच दिवशी, एकाच अंगणात होऊ शकला तो तिच्यामुळेच.

हा संकेत मोडण्याचीही एक परंपरा आहे. विणकराच्या घरी वाढलेल्या कबीरांना ब्राह्मण विधवेचा पुत्र ठरविणाऱ्या आख्यायिका प्रसिद्ध आहेत. रविदासांना पूर्वजन्मीचे ब्राह्मण ठरविणाऱ्या कथाही रूढ आहेत. एम. एन. श्रीनिवास यांनी १९५२ मध्ये कूर्गवरील ग्रंथात मांडलेली संस्कृतीकरणाची संकल्पना जातींच्या ऊर्ध्वगामी हालचालीसाठी आहे. या आख्यायिका पाहता असे म्हणता येते की, संस्कृतीकरण जिवंत समूहांचे होते तसे दिवंगत संतांचेही होते.

४. पाथरीच्या दाव्याची पद्धतिशास्त्रीय बाजू

पाथरीचा उल्लेख अलीकडे निर्माण झालेला नाही. बाबांचे निकटचे भक्त म्हाळसापती यांच्या आठवणीच्या आधारे नरसिंहस्वामी यांच्या साईचरित्रात असे येते की, आपण पाथरीचे ब्राह्मण असून बालपणी आपल्याला एका फकिराच्या स्वाधीन करण्यात आले, असे बाबांनी सांगितले होते. पाथरीजवळच्या सेलूशी बाबांच्या गुरुपरंपरेचा धागा दासगणू महाराजांनीही जोडला आहे. या सूत्रांचा माग घेत वि. बा. खेर यांनी १९७० च्या दशकात पाथरीत शोध घेतला आणि भुसारी घराण्याकडे निर्देश केला. मा. वि. कामत यांच्यासमवेत त्यांनी लिहिलेल्या १९९१ च्या चरित्रामुळे हे मत सर्वदूर पोहोचले.

खेर यांची चिकाटी वादातीत आहे. त्यांच्या पद्धतीची मात्र तपासणी आवश्यक ठरते. ब्राह्मण जन्म हे गृहीत धरून शोध पाथरीच्या ब्राह्मण घराण्यांपुरता सीमित झाला आणि त्यांपैकी ज्या घराण्याचे कुलदैवत हनुमान आहे, त्याची बाबांच्या मारुतिभक्तीशी सांगड घालण्यात आली. जे सिद्ध करावयाचे, त्याचा अर्धा भाग आधीच स्वीकारला गेला. एका आठवणीतून निघालेला निष्कर्ष पुन्हा त्या आठवणीचा पुरावा ठरू शकत नाही. याच्या नेमकी विरुद्ध दिशा मरियान वॉरन यांच्या १९९९ च्या ग्रंथात दिसते. त्यांनी साईबाबांना सूफी परंपरेत ठेवून पाहिले आणि पुढील चरित्रलेखनात ती बाजू झाकली गेल्याचे प्रतिपादन केले. दोन्ही अभ्यास परस्परविरुद्ध असले, तरी अनिर्णित ठेवलेल्या प्रश्नाला उत्तर द्यावे, ही प्रेरणा दोन्हींत समान आहे.

५. पाथरीची बाजू

असे असले तरी, पाथरीचा दावा हा केवळ संताचे ब्राह्मणीकरण होय, असा निष्कर्ष काढणे अन्यायकारक ठरेल. २०२० मध्ये जन्मस्थळाची बाजू आग्रहाने मांडणाऱ्यांत बाबाजानी दुर्राणी हे स्थानिक मुस्लिम लोकप्रतिनिधी आघाडीवर होते. पाथरीच्या कथेत बालक ब्राह्मण घरी जन्मते आणि फकिराकडे वाढते. म्हणजे ती कथा गावातील दोन्ही समाजांना सामावून घेते. मात्र या वाटणीत जन्म एकाच्या आणि संगोपन दुसऱ्याच्या वाट्याला येते, आणि जन्माला अधिक वजन देणाऱ्या समाजात ही वाटणी समान राहत नाही, हेही नोंदविले पाहिजे.

पाथरीला अशा कथेची जुनी ओळख आहे. फिरिश्ता या इतिहासकाराने दिलेल्या वृत्तान्तानुसार अहमदनगरच्या निजामशाही घराण्याचा मूळपुरुष मलिक हसन हा जन्माने ब्राह्मण होता आणि त्याचे पूर्वज पाथरीचे कुलकर्णी होते. पूर्वजांचे हे गाव आपल्याकडे असावे, म्हणून बुरहान निजामशहाने वऱ्हाडच्या इमादशाहीकडे त्याची मागणी केली आणि ती नाकारली गेल्यावर १५१८ च्या सुमारास ते बळाने घेतले. ‘मूळ गाव’ ही भावना राज्यांना युद्धास प्रवृत्त करू शकते, हे पाथरीने पाच शतकांपूर्वीच पाहिले आहे.

पुढे १९४८ पर्यंत पाथरी हैदराबादच्या निजामी राज्यात होती, तर शिर्डी ब्रिटिश अमलाखालील अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात. सुमारे पावणेतीनशे किलोमीटरच्या या अंतरात मराठवाड्याच्या अनुशेषाचा इतिहासही सामावलेला आहे. रस्ते, पाणी, निवास यांची मागणी नागरिक म्हणून पुरेशी ऐकली जात नसेल, तर ती तीर्थक्षेत्र म्हणून करण्याचा मार्ग गावाला खुला वाटतो. अशा वेळी शासनाचा निधी श्रद्धेला प्रमाणपत्र देण्याचे काम करू लागतो. २०२० चा वाद पेटला तो पाथरीच्या श्रद्धेमुळे नव्हे. ती तर दोन दशकांहून अधिक काळ मंदिररूपाने उभी होती. शासनाच्या तोंडून तिला तथ्याचा दर्जा मिळाला, तेव्हा तो पेटला.

समारोप

वरील विवेचनातून तीन बाबी पुढे येतात. पहिली, दुर्खीम यांची जोडी ‘पवित्र व लौकिक’ अशीच शिकविली गेली पाहिजे. ‘अपवित्र’ हा शब्द धर्माच्या सिद्धान्तात नकळत जातीची भाषा आणतो. दुसरी, करिष्मा हा गुण नसून मान्यतेचा संबंध आहे, हे लक्षात घेतल्यास जन्मस्थळाचा पुरावा मिळाला किंवा न मिळाला, तरी साईबाबांच्या अधिसत्तेत भर वा घट होत नाही, हे विद्यार्थ्याला समजावून देता येते. तिसरी, भारतीय संदर्भात या दोन्ही संकल्पनांना जन्म व कूळ यांच्या विचाराची जोड द्यावी लागते. त्याशिवाय पाथरी समजत नाही आणि शिर्डीही अर्धवटच समजते.

पाथरीच्या मंदिरात हात जोडणाऱ्या भाविकाशी समाजशास्त्राचे भांडण असण्याचे कारण नाही. त्या गावाला मिळावयाच्या रस्त्यासाठी आणि पाण्यासाठी कोणाच्याही जन्माच्या दाखल्याची आवश्यकता असू नये, एवढे मात्र ते निश्चित सांगू शकते. महाराष्ट्राने काही मोजक्या व्यक्तींना जात न विचारण्याचा जो संकेत शतकानुशतके पाळला, तो एका शासकीय घोषणेच्या ओघात मोडावा इतका स्वस्त नाही.