'रोझा' : एका बसची गोष्ट आणि तिच्या आधीची

मंडळी, काळयंत्रात बसून मागे जाणारा नायक एरवी काही ना काही दुरुस्त करायला जातो. 'डॉक्टर हू' या बीबीसीच्या मालिकेत २१ ऑक्टोबर २०१८ रोजी दाखवलेल्या 'रोझा' या भागात उलटं आहे. १ डिसेंबर १९५५ ला अलाबामातल्या माँटगोमेरीत रोझा पार्क्स बसमधून उठल्या नाहीत. ती घटना घडूच नये म्हणून भविष्यातून क्रॅस्को नावाचा एक इसम आलाय. डॉक्टर आणि तिच्या सोबत्यांचं काम एवढंच, की सगळं जसं घडलं तसं घडू द्यायचं.

आता बसचा नियम समजून घ्या, कारण कथेची खुंटी तिथंच आहे. पुढच्या जागा गोऱ्यांच्या. त्या भरल्या आणि एखादा गोरा उभा राहिला, तर मागच्या भागातली पहिली अख्खी रांग काळ्या प्रवाशांनी सोडायची. म्हणजे रोझाबाईंना उठवलं जायचं तर गाडी भरलेली पाहिजे. क्रॅस्को गाडी रिकामी ठेवायला बघतो. शेवटी सीटा भरायला डॉक्टर आणि ग्रॅहम यांनाच बसून राहावं लागतं. ग्रॅहम स्वतः बस चालवलेला, काळ्या बाईशी संसार केलेला साधा माणूस. ज्या गोऱ्या गर्दीपायी त्या बाईला ऊठ म्हटलं जातं, त्या गर्दीत तो आहे, आणि त्याला ते कळतंय. हा प्रसंग आम्हांला फार मोलाचा वाटतो. अन्यायाला दुष्ट माणूस लागतोच असं नाही, जागा अडवून गप बसणारा सज्जनही चालतो. आपल्याकडं पाणवठ्यावर उभे राहून बघणारे असेच होते की.

पण आमची तक्रार मांडणीबद्दल आहे. सगळा इतिहास एका संध्याकाळच्या एका फेरीवर टांगलाय. ती फेरी चुकली की संपलं! तसं नव्हतं. त्याच शहरात नऊ महिने आधी, २ मार्च १९५५ ला, १५ वर्षांची क्लॉडेट कोल्व्हिन सीट सोडायला नकार देऊन अटकेत गेली होती. रोझाबाई १९४३ पासून एनएएसीपीच्या स्थानिक शाखेच्या चिटणीस होत्या. त्यांना अटक झाल्यावर रातोरात हजारो पत्रकं काढली ती जो अ‍ॅन रॉबिन्सन या प्राध्यापक बाईंनी. पुढं बहिष्कार चालला ३८१ दिवस. लोक पायी कामावर गेले. कोर्टात जो खटला जिंकला त्यात कोल्व्हिन फिर्यादी होती, रोझाबाई नव्हत्या. क्रॅस्कोने ती बस अडवली असती, तरी दुसरी कुठली तरी बस होतीच.

आम्ही तरी वेगळं काय करतो म्हणा. महाड म्हटलं की २० मार्च १९२७ ची ओंजळ. त्याआधी १९२३ चा बोले ठराव, १९२४ चा महाड नगरपालिकेचा ठराव, आणि नंतर १९३७ पर्यंत हायकोर्टात रेंगाळलेला दावा, हे कुणाच्या ध्यानात असतं? आपल्या जिल्ह्यातल्या कसबे तडवळ्यात फेब्रुवारी १९४१ मध्ये महार-मांग वतनदार परिषद झाली, बाबासाहेब स्वतः आले. वतन म्हणजे काही एका दिवसात सुटणारी गोष्ट नव्हे. गावकीची कामं, बलुतं, जमीन, सगळा गुंता. कॅमेऱ्याला दाखवायला तिथं बस नाही, तळं नाही. आहे ते भाषण आणि घरोघर चाललेला वाद. म्हणून त्यावर कुणी मालिका काढत नाही.

नामांतराचंही तसंच. विधिमंडळाचा ठराव जुलै १९७८ चा, नामविस्तार १४ जानेवारी १९९४ चा. मधल्या सोळा वर्षांत मराठवाड्यात घरं जळली, माणसं मेली, मोर्चे निघाले, तुरुंग भरले. क्रॅस्कोला इथं पाठवला असता तर बिचारा कुठल्या तारखेला उतरला असता?