प्लेटोच्या प्रलयकथेतील अथेन्स

प्लेटोच्या ‘तिमेयस’ व ‘क्रितियस’ ह्या संवादांतील ॲटलांटिसची कथा बहुतेकांना ऐकून ठाऊक असते. आणि ऐकीव असल्यामुळेच तिचा अर्धा भाग गळून पडलेला असतो. जिब्राल्टरपलीकडचे एक बलाढ्य बेट एका अहोरात्रांत समुद्राने गिळले, एवढेच लक्षात राहते. परंतु त्याच अहोरात्रांत विजयी अथेन्सचे सारे योद्धेही भूमीने गिळले, असे साइस येथील वृद्ध पुरोहित सोलनला सांगतो. कथेचा नायक अथेन्स आहे; ॲटलांटिस हा प्रतिपक्ष होय. बेट समूळ गेले, अथेन्सची संस्कृती मात्र जवळजवळ गेली; आणि ह्या ‘जवळजवळ’मध्येच कथेचे मर्म आहे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

हा प्रलय म्हणजे उन्मत्त ॲटलांटिसला मिळालेले शासन, असा अर्थ सामान्यतः केला जातो. तो मूळ ग्रंथाशी जुळत नाही. ॲटलांटिसचा पराभव आधीच झालेला आहे. भूकंप व पूर पुढे काही काळाने येतात, आणि त्यांत निरपराध विजेतेही नाहीसे होतात. मग प्रलयाचे प्रयोजन काय? पुरोहिताच्या बोलण्यांतच त्याचे उत्तर सापडते. महापुरांत नगरवासी वाहून जातात, डोंगरांवरचे निरक्षर गुराखी तेवढे उरतात. म्हणून ग्रीकांना केक्रोप्स, एरेक्थेउस अशी नावे ठाऊक आहेत, त्या नावांमागची कृत्ये ठाऊक नाहीत. म्हणजे हा प्रलय माणसांपेक्षा स्मृतीवर कोसळलेला आहे. नऊ हजार वर्षांपूर्वीच्या ह्या पराक्रमाविषयी आजवर एकाही अथेन्सवासीयाने काही ऐकले कसे नाही, ह्या अपरिहार्य शंकेचे निरसन त्याने होते.

साक्षीदारांची ही व्यवस्था किती काटेकोर आहे ती पाहावी. बेट समुद्राच्या तळाशी, वर गाळामुळे नौकांना वाट नाही. सैन्य भूमीच्या पोटांत. जे वाचले त्यांना लिहिता येत नाही. आणि एकमेव नोंद परक्या देशाच्या देवालयांत. ज्याने हे बेट निर्माण केले त्यानेच ते नाहीसे केले, होमरने ग्रीकांच्या तटाचे केले तसे, हा अभिप्राय प्राचीन काळीच स्ट्रेबोने नोंदवून ठेवला आहे. तरीही इग्नेशियस डोनेलीच्या १८८२ च्या ग्रंथापासून शोधकांची रीघ लागली ती बेटाच्या मागे. कथेंत सुमारे वीस हजार योद्धे सांगितलेल्या त्या आद्य अथेन्ससाठी कोणी कुदळ उचलल्याचे ऐकिवात नाही. अथेन्सच्या टेकडीवर इतक्या प्राचीन नगराचा मागमूस नाही, ही गोष्ट खरे म्हणजे ॲटलांटिसचाही निकाल लावणारी आहे. एकाच साक्षीचा अर्धा भाग खरा व अर्धा कल्पित मानण्याची मुभा समीक्षकाला नाही.

येथे टिळकांच्या १९०३ मधील आर्यांच्या ध्रुवीय मूलस्थानाविषयीच्या ग्रंथाची आठवण होते. तेथेही हिमप्रलयाने एक प्राचीन संस्कृती उद्ध्वस्त होते व थोडे लोक वाचतात. तो सिद्धांत आज विद्वन्मान्य राहिलेला नाही. पण भेद मार्मिक आहे. टिळकांचे वाचलेले लोक मुखपरंपरेने सारे बरोबर घेऊन येतात, प्लेटोच्या गुराख्यांना नावांपलीकडे काही आठवत नाही. पाठांतरावर एवढा अविश्वास भारतीय वाचकाला खटकल्यावाचून राहत नाही.

ह्याचा अर्थ कथेंत वास्तव नाही असा नव्हे. इ. स. पू. ३७३ मध्ये, प्लेटोच्या हयातींतच, कोरिंथच्या आखाताकाठचे हेलिके नगर भूकंपाने एका रात्रीत समुद्रांत गेले होते. मारिनातोस ह्यांनी १९३९ मध्ये मिनोअन क्रीटच्या ऱ्हासाचा संबंध थेराच्या ज्वालामुखीशी जोडला, आणि पुढे त्यांतून नवा ॲटलांटिस उभा राहिला. पण प्लेटोला थेरापर्यंत जाण्याची गरज नव्हती. किंबहुना त्याला आपल्या दाराबाहेर पाहणे पुरेसे होते. ‘क्रितियस’मधील सर्वांत जिवंत वर्णन ॲटलांटिसच्या धातूने मढविलेल्या भिंतींचे नव्हे, तर ॲटिकाच्या झिजलेल्या भूमीचे आहे. सुपीक माती वाहून गेली, रोग्याच्या शरीराची हाडे उरावीत तसे डोंगर उरले. ज्यांवरून मोठ्या छपरांची तुळई निघे, तेथे आता मधमाश्यांपुरताच चारा. अक्रोपोलिसवर एक विपुल झरा होता, तो भूकंपाने बुजून आसपास क्षीण ओहोळ राहिले. हे सारे श्रोत्यांच्या डोळ्यांसमोर होते. कल्पित प्रलयाला प्लेटोने खऱ्या उजाड टेकड्या साक्षीला दिल्या, आणि सोन्यारुप्याशिवाय राहणारे, आरमार नसलेले ते जुने नगर आरमाराच्या बळावर साम्राज्य मिळवून इ. स. पू. ४०४ मध्ये गमावून बसलेल्या अथेन्ससमोर ठेवले.

खुद्द प्रलयाचे सविस्तर वर्णन मात्र कोठेच नाही. ‘तिमेयस’मध्ये त्याला एखाददुसरे वाक्य मिळते, आणि ‘क्रितियस’ हा संवाद, झ्यूस देवांची सभा भरवून बोलू लागतो तेथेच, वाक्याच्या मध्यावर थांबतो.